आर्मिंदाच्या डोक्यावरची जागा

मित्रांनो, मी एक जुनी चुंबळ आहे, आणि स्वभावाने मत्सरी आहे. जुनेपण माझ्याकडे पाहिल्यावर कुणाच्याही लक्षात येते. मत्सर मात्र मी सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून तो आरंभीच कबूल करते.

चुंबळ तुम्हाला ठाऊक असेलच. डोक्यावर घागर किंवा मासळीची पाटी घेताना मधे जे कापडाचे वेटोळे ठेवतात, ते म्हणजे मी. काम दिसायला साधे आहे. पाटीचा तळ सपाट असतो आणि माणसाचे डोके गोल. हे दोन आकार एकमेकांशी जुळत नाहीत. मधे कुणी नसेल तर सगळा भार टाळूवर एका ठिकाणी येतो आणि पाटी डुलते. मी तो भार कडेने सारखा वाटून देते. माझा बाहेरचा व्यास एक वीत, मधली पोकळी चार बोटे आणि जाडी तीन बोटे आहे. यापेक्षा मोठी चुंबळ सरकते, लहान रुतते.

मला न्हा बियाने केले. न्हा हा तिच्या बेटावर वडीलधाऱ्या बाईला द्यायचा मान. केप व्हर्दे या आफ्रिकेजवळच्या देशातल्या सांतियागो बेटावर तिचे घर होते. तिने केळीची सोपटे वाळवून त्यांचा दोर वळला, त्यावर जुन्या मोज्यांचे तीन थर चढवले आणि वरून अरुंद मागावर विणलेली काळ्यापांढऱ्या नक्षीची पट्टी तिरकी गुंडाळत नेली. शेवटचे टोक आत दाबून सात टाके घातले. माझी सगळी अब्रू त्या सात टाक्यांवर आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

न्हा बियाचा नवरा पोर्तुगालमध्ये बांधकामावर होता. त्याच्यामागून ती अकरा वर्षांच्या मुलीला, आर्मिंदाला, घेऊन जहाजाने आली. नदी जिथे समुद्राला मिळते त्या आमच्या शहरात एक दगडी धक्का आहे. पहाटे होड्या लागतात, लिलाव होतो आणि बायका मासळी घेऊन विकायला निघतात. न्हा बियाचे घर फिगेइरा टेकडीवर होते. धक्क्यापासून तिथवर एकशे बारा पायऱ्या. बेटावरून आलेली बहुतेक कुटुंबे त्याच टेकडीवर राहत. पाच वर्षांनी न्हा बियाच्या गुडघ्यांनी पायऱ्या चढायचे नाकारले, तेव्हा मी आर्मिंदाच्या डोक्यावर गेले. ती सोळा वर्षांची होती.

पहिल्या दिवशी कुणीतरी हाक मारली आणि तिने मान डोलावून उत्तर दिले. चार तारल्या खाली पडल्या. न्हा बियाने दारातून पाहिले आणि फक्त एवढेच सांगितले, "हो म्हणायचं तर डोळ्यांनी म्हण, नाही म्हणायचं तर तोंडाने. मान तुझी नाही, पाटीची आहे." त्यानंतर आर्मिंदाने मान हलवणे सोडले. पुढे डोक्यावर काही नसतानाही तिची मान हलत नसे. परके लोक तिला गर्विष्ठ समजत. मला मात्र वाटे की मी तिथे नसतानाही माझीच आठवण तिला ताठ ठेवते आहे.

आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही आणि एकटीला उतरवताही येत नाही. चढवताना दोघी समोरासमोर उभ्या राहतात, गुडघ्यात वाकतात, कडा धरतात आणि एका दमात उचलतात. मग पहिली दुसरीची पाटी चढवते. शेवटी जी उरते तिला होडीवरचा एखादा खलाशी हात देतो. आर्मिंदाची पाटी ग्रासिंदा चढवीत असे. ग्रासिंदा याच शहरात जन्मलेली, तिच्या आईनेही याच धक्क्यावर मासळी विकलेली. कानात सोन्याच्या जाड रिंगा, आणि जीभ सुरीसारखी. पहिल्या वर्षी ती आर्मिंदाला नावाने हाकच मारीत नसे, 'बेटावरची' म्हणे. दुसऱ्या वर्षी 'पोरी' म्हणू लागली. एकमेकींच्या डोक्यावर रोज तीस किलो ठेवणाऱ्या बायकांना फार काळ परके राहता येत नाही.

तेव्हाही मी मत्सरी होते. ग्रासिंदाची एक निळी चुंबळ होती, नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याची. धक्क्यावर आम्ही दोघी जवळजवळ असायचो. ती फुगीर होती, तिच्या कडा नीट होत्या आणि ग्रासिंदा तिला दर रविवारी उन्हात ठेवीत असे. मला कुणी उन्हात ठेवत नव्हते. पण माझ्याकडे आर्मिंदाचे डोके होते, आणि त्या काळी तेवढ्यावर मी तिला तुच्छ लेखू शकत होते.

माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस एका मंगळवारी आला. टेकडीवरचा सार्वजनिक नळ तीन आठवडे कोरडा होता. लोकांनी अर्ज दिले होते. अर्जांना पावती मिळाली होती, पाणी मिळाले नव्हते. त्या सकाळी आर्मिंदा एकतीस किलो तारली घेऊन टेकडीकडे न वळता नगरपालिकेच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली. आतून एक कारकून आला आणि म्हणाला की पाटी खाली ठेवून बाकावर बसा, नंबर आला की बोलावू.

"खाली ठेवायला दुसरं माणूस लागतं," आर्मिंदा म्हणाली. "महापौरांना पाठवा."

कारकून हसला. तो स्वतः हात द्यायला पुढे झाला तेव्हा तिने तोंडाने नको म्हटले. नऊ वाजता ती उभी राहिली आणि दहा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत उभी होती. ऊन वाढले. पाटीतले पाणी माझ्यातून झिरपून तिच्या कानामागून उतरत होते. लोक जमले, कॉफीचे पेले हातात घेऊन दुकानदार बाहेर आले, वर्तमानपत्राचा माणूस आला. तिची मान हलली नाही. मित्रांनो, तिच्या आणि त्या एकतीस किलोंच्या मधे त्या वेळी कोण होते, हे मी पुन्हा सांगत नाही.

शेवटी महापौर बाहेर आले. पाटी उतरवताना गुडघ्यात वाकावे लागते हे त्यांना माहीत नव्हते. त्यांनी नुसते हात पुढे केले, आणि त्यांच्या पांढऱ्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. आर्मिंदाने मान मोकळी केली आणि नळाची हकीकत सांगितली. आमच्याकडे जो पाटी उतरवतो त्याने पाटीवालीच्या बातम्या आधी ऐकायच्या असतात. महापौरांना ही रीत ठाऊक नसली तरी त्यांनी ती पाळली. शनिवारी नळाला पाणी आले.

वर्तमानपत्रात फोटो छापला गेला. त्यात आर्मिंदा होती, महापौर होते, पाटीतली एक एक तारली मोजता येत होती. पाटीच्या सावलीत जिथे मी होते तिथे एक काळी रेघ दिसत होती. मी तो फोटो पुष्कळदा पाहिला आहे. तो स्वयंपाकघरात कपाटाच्या काचेमागे लावलेला होता.

दोन वर्षांनी एका पक्षाने तिला नगरपालिकेची उमेदवारी दिली आणि ती निवडून आली. परदेशातून आलेली, मासळी विकणारी बाई नगरसेविका झाल्याचे शहराला आश्चर्य वाटले. धक्क्यावर वाटले नाही. ग्रासिंदाने त्या दिवशी कोळशावर तारली भाजून सगळ्यांना वाटली आणि महापौर भिजलेल्या बाह्यांनी कसे उभे होते त्याची नक्कल केली. न्हा बिया त्या वर्षी गेली. मुलीला नगरपालिकेच्या खुर्चीत बसलेले तिने पाहिले, आणि तिथे छप्पर उंच असल्याने पाटीसकट आत जाता येईल, असा अभिप्राय दिला.

आरंभी आर्मिंदा सकाळी मासळी विकून दुपारी सभेला जाई. मग सकाळीही सभा असू लागल्या. एके दिवशी तिने मला धुतले, पिळले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या खणात ठेवले. त्या खणात सुतळी, मेणबत्तीचे तुकडे, बुचे काढायचा पेच आणि दिव्याचे जळलेले फ्यूज होते. मी पुरती वाळले नव्हते. हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा.

त्या खणात मी आठ वर्षे होते. माझा मत्सर तिथे वाढला. अंधाऱ्या जागेत त्याला दुसरे काम नव्हते. खणाला फट होती, तिच्यातून मला टेबलाची कड, आर्मिंदाचा खांदा आणि पलीकडचा टेलिव्हिजन दिसे. आधी मी चामड्याच्या काळ्या पिशवीचा मत्सर केला, कारण ती तिच्याबरोबर बाहेर जाई. मग पक्षाने भेट दिलेल्या रेशमी रुमालाचा केला. तो गळ्यात बांधून ती परिषदांना जाई आणि परत आल्यावर त्याला घडी घालून कागदात ठेवी. दर महिन्याला केस नीट करणारी एक बाई येऊ लागली. तिची कात्री ज्या जागेवरून फिरे ती जागा माझी होती. सर्वांत जास्त मत्सर मला मायक्रोफोनचा वाटे. मी त्याला प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते, पण टेलिव्हिजनवर त्याचे काळे डोके दिसे. तो तिच्या ओठांपासून चार बोटांवर असे. चार बोटे म्हणजे माझी पोकळी. त्याने काय उचलले होते? आवाज. आवाजाला वजन किती असते, मित्रांनो?

तिने पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले तेव्हाची गोष्ट मला विशेष लागली. नगरपालिकेपुरते तिच्या बेटाचे कागद चालले होते. संसदेसाठी चालणार नव्हते. फोटो काढायला निघताना तिने टेबलावर कागद वाचला. डोके उघडे असावे, असे त्यात लिहिले होते. मी खणात होते, म्हणजे मला तिथे नेण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही तो नियम माझ्यासाठीच केला आहे असे मला वाटले.

संसदेचा विषय तेल्मोने आणला. तेल्मो पक्षाचा संघटक, सुती कोट घालणारा, बोलताना टेबलावर बोटांनी ताल धरणारा माणूस. पक्षाच्या यादीत आर्मिंदाचे नाव वर येणार होते. त्याच हिवाळ्यात नगरपालिकेपुढे धक्क्याचा ठराव आला. आमच्या धक्क्यावर सहलीच्या होड्यांसाठी तळ करायचा आणि मासळीचा लिलाव शहराबाहेर सात किलोमीटरवर न्यायचा, असा तो बेत होता. बंदराची जमीन देशाची असल्याने शेवटचा निर्णय संसदेत व्हायचा होता, पण आधी शहराची संमती हवी होती. सात किलोमीटर डोक्यावर पाटी घेऊन कुणी चालत नाही. ठराव मंजूर झाला असता तर ग्रासिंदा आणि तिच्याबरोबरच्या चाळीस बायकांचा धंदा संपला असता.

"विरोध करू नका असं मी म्हणत नाही, बाई," तेल्मो म्हणाला. "हात खाली ठेवा, एवढंच. खाली ठेवलेला हात कुणाच्याच बाजूचा नसतो. लिस्बनला गेलात की मग काय ते करा."

आर्मिंदाने टेबलावरचे कागद गोळा केले. ती मान हलवीत नसल्यामुळे तेल्मोला उत्तर कळले नाही आणि तो ताल धरत बसला. मला कळले. जड पाटी नको असताना घ्यावी लागली की तिचा खांदा किंचित उचलला जातो. तो उचलला गेला होता.

सभेत तिने हात खाली ठेवला. ठराव मंजूर झाला.

ग्रासिंदा दर गुरुवारी वर्तमानपत्रात गुंडाळून सहा तारल्या आणीत असे. त्या गुरुवारी ती रिकाम्या हातांनी आली आणि दारातच उभी राहिली.

"हात दुखत होता का गं?" तिने विचारले.

आर्मिंदा म्हणाली, आत ये, कॉफी ठेवते.

"नको. डॉक्टरला दाखव तो हात. तीस किलो चढवताना कधी दुखला नव्हता, म्हणून म्हटलं."

ती गेली. त्यानंतर गुरुवारी मासळी आली नाही.

आणि मित्रांनो, मला आनंद झाला. आता हे लोक तिच्यावर रागावतील, ती निवडणूक हरेल, रुमाल कागदात पडून राहील, मायक्रोफोन दुसऱ्या कुणाच्या तोंडाशी जाईल आणि आर्मिंदा खण उघडून मला बाहेर काढील, असा हिशेब मी केला. चाळीस बायकांचा धंदा जाणार होता आणि मी माझ्या जागेचा विचार करीत होते. मत्सर माणसाला इतकेच दाखवतो. चुंबळीलाही त्याने यापेक्षा जास्त दाखवले नाही.

संसदेची निवडणूक आली. तेल्मोने ठरवले की आर्मिंदाचा प्रचार धक्क्यावरून सुरू व्हावा, आणि नगरपालिकेच्या पायऱ्यांवरच्या जुन्या फोटोसारखा एक नवा फोटो निघावा. त्यासाठी खण उघडला गेला. आठ वर्षांनी मला उजेड दिसला. मला कुबट वास येत होता. आर्मिंदाने मला हातात घेऊन सवयीने अंगठ्याने टाके तपासले. सातांपैकी दोन टाके तिच्या बोटाखाली भुगा होऊन निघाले. शिवायला हवी, असे ती म्हणाली. फोटोवाला खाली थांबला आहे, परत आल्यावर शिवा, असे तेल्मो म्हणाला.

धक्क्यावर बायका होत्या, पण कुणी जवळ आले नाही. तेल्मोने बाजारातून एक नवी पाटी आणली होती. ती त्याने स्वतःच माझ्यावर ठेवली. पाटी रिकामी होती.

ही चूक आमच्या धक्क्यावर पाच वर्षांची मुलगीही करणार नाही. रिकामी पाटी कुणी डोक्यावर घेत नाही. ती काखेत धरतात आणि चुंबळ तिच्या आत टाकतात. चुंबळीवरची रिकामी पाटी म्हणजे विहिरीवर उभे राहून कोरडा पोहरा ओढण्यासारखे. तेल्मोला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आर्मिंदाला होते, आणि तरीही तिने पाटी ठेवू दिली. मी तिच्या डोक्यावर परत आले होते, आणि माझ्यावर काहीच नव्हते. मला इतके हलके कधी वाटले नव्हते.

"मासे पुढच्या निवडणुकीत येणार असतील," लिलावाच्या ओट्याजवळून एक म्हातारी म्हणाली.

बायका हसल्या. कॅमेरा चालू होता. ग्रासिंदा हसली नाही. तिने हातातली सुरी पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हसू नका गं. हात दुखतो तिचा. भरलेली कशी घेईल?"

आर्मिंदाने पाटी उतरवली. रिकामी पाटी एकटीला उतरवता येते. ती ग्रासिंदाच्या ओट्यापाशी गेली आणि पाटी समोर ठेवली.

"भर."

"किती?"

"तू उचलतेस तेवढं."

ग्रासिंदाने माकूळ बाजूला सारून तारली भरायला घेतली. ओंजळीमागून ओंजळ ती भरत राहिली, आणि नेहमीच्या खुणेच्या वर दोन ओंजळी जास्त टाकल्या. मग तिने तेल्मोकडे पाहिले.

"आणि चढवणार कोण? हा?"

तेल्मो आपल्या बुटांकडे पाहत एक पाऊल मागे सरला. ग्रासिंदाने हात ॲप्रनला पुसले. "माझे हात तुझ्यावर रागावलेत," ती म्हणाली, "पण त्यांना सवय आहे." दोघी समोरासमोर गुडघ्यात वाकल्या आणि एका दमात पाटी वर आली.

आठ वर्षांनी माझ्यावर वजन आले. माझी सोपटे करकरली, मोज्यांचे थर दबले, तिच्या टाळूची ऊब मला लागली. फोटो निघाला होता. तेल्मो पाटी उतरवायला सांगत होता. आर्मिंदा टेकडीकडे चालू लागली. ग्रासिंदा तिच्या मागे निघाली, कारण चढवणारीने पहिला चढ मागे राहायचे असते. त्यांच्यामागे बायका, त्यांच्यामागे कॅमेरा.

तिसाव्या पायरीवर माझ्या लक्षात आले की मला आता तिचा पराभव नको आहे. मला फक्त वर पोचायचे होते. चाळिसाव्या पायरीवर तिसरा टाका सुटला. मी उरलेले चार धरून ठेवले, म्हणजे धरण्याचा प्रयत्न केला. पण आठ वर्षे ओल धरलेला दोरा इच्छेने टिकत नाही. बावन्नाव्या पायरीवर टेकडीचा पहिला टप्पा आहे आणि तिथे तो नळ आहे. तिथे एका वेळी चारही टाके गेले, माझे टोक बाहेर आले, वेटोळे उलगडले आणि पाटी कलली. तारल्या पायऱ्यांवरून खाली वाहत गेल्या. आर्मिंदा गुडघ्यावर पडली. तिच्या ज्या पडण्याची मी खणात वाट पाहिली ते मला नको झाल्यावर माझ्याच हातून घडले.

मग ग्रासिंदाने ॲप्रनचा ओचा केला आणि तारल्या गोळा करू लागली. बायकांनीही केले. त्यांनी त्या नळाखाली धुतल्या आणि पाटीत परत टाकल्या. आर्मिंदाच्या गुडघ्यातून रक्त येत होते. ती पायरीवर बसून मला गुंडाळायचा प्रयत्न करीत होती, पण माझ्यात गुंडाळण्यासारखे काही उरले नव्हते.

"हात दुखत नव्हता," ती म्हणाली. "भीती वाटली. यादीतून नाव जाईल म्हणून."

"ते कळलं होतं," ग्रासिंदा म्हणाली. "मग आता?"

"धक्क्याचा प्रश्न लिस्बनला येईल तेव्हा मी उभी राहीन."

ग्रासिंदाने कमरेला खोचलेली आपली निळी चुंबळ काढली, झटकली आणि आर्मिंदाच्या डोक्यावर ठेवली. "ते बघू," ती म्हणाली. "आधी ही पाटी वर पोचव."

मी पायरीवर पडून पाहत होते. उरलेल्या साठ पायऱ्या आर्मिंदा त्या निळीवर चढली. माझ्या जागेवर, माझ्या पाटीखाली, ती फुगीर, नीट कडांची, रविवारी उन्हात ठेवलेली. मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटले त्यापुढे मायक्रोफोनचा मत्सर म्हणजे काहीच नाही. आणि ती निळी सरकली नाही, रुतली नाही, हेही मला मान्य करावे लागते.

मला ग्रासिंदाने उचलून खिशात टाकले.

आर्मिंदा निवडून आली. मताधिक्य थोडे होते, पण आमच्या शहरातून संसदेत गेलेली बेटावरची ती पहिलीच. लिस्बनला निघण्याआधी ती धक्क्यावर आली. ग्रासिंदाने हात पुढे करून आपली चुंबळ मागितली.

"ही मी घेऊन जाते," आर्मिंदा म्हणाली. "परत करायला मला यावंच लागेल."

"आणि तोवर मी डोक्यावर काय ठेवू, तुझं भाषण?"

"माझी ठेव. शिवून घे. माझ्याच्यानं शिवणं झालं नाही."

अशा रीतीने माझी अदलाबदल झाली. ग्रासिंदाने मला उकळत्या पाण्यातून काढले, दोन दिवस उन्हात वाळवले, कुजलेले सोपट टाकून नवा दोर भरला आणि जाळ्याच्या सुताने सातऐवजी अकरा टाके घातले. काळ्यापांढऱ्या पट्टीला तिने हात लावला नाही. ती न्हा बियाची आहे, ती तशीच राहील, असे ती म्हणाली. मी कामाला लागले. ग्रासिंदाचे डोके आर्मिंदापेक्षा चपटे आहे आणि ती चालताना बोलते, त्यामुळे भार जरा पुढे येतो. मला जुळवून घ्यायला महिना लागला.

निळी मात्र संसदेत, आर्मिंदाच्या मेजाच्या खणात होती. मी पाटीखाली घाम शोषत असताना ती देशाच्या राजधानीत बसली आहे, हा विचार मला पायऱ्या चढताना हमखास येई.

धक्क्याचा प्रश्न पुढच्या वसंतात संसदेत आला. दुपारी चार वाजता धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात बायका टेलिव्हिजनपुढे जमल्या. मी ग्रासिंदाच्या मनगटात अडकवलेली होते. संसदेत मत मोजताना ठरावाला विरोध असलेल्यांनी उभे राहायचे असते. अध्यक्षांनी विरोधकांना उभे राहायला सांगितले. दुसऱ्या पक्षांचे पुष्कळ जण उठले, आर्मिंदाच्या पक्षाच्या ओळी मात्र बसलेल्या होत्या. तेल्मोच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी बसायचेच होते. कॅमेरा त्या ओळींवरून फिरला आणि पुढे गेला. मग मागे आला.

ती उभी होती. एकटी. गुडघे आधी सरळ, मग पाठ, मग मान, जशी पाटी घेऊन उठतात तशी. तिच्या डोक्यावर काही नव्हते.

"वजन आहे," ग्रासिंदा म्हणाली. तिने कॉफीचा पेला खाली ठेवला. "बघा, मान हलत नाही."

तिच्या पाठीमागून तिच्याच पक्षाचे आणखी चार जण उठले. ठराव दोन मतांनी पडला. धक्का राहिला. पक्षाच्या पुढच्या यादीत आर्मिंदाचे नाव असेल की नाही हे मला माहीत नाही. तेल्मोने अजून तिला फोन केलेला नाही असे ऐकते.

रविवारी ती चुंबळ परत करायला आली. ग्रासिंदाने कोळशावर तारली ठेवली होती. दोघींनी आम्हा दोघींना टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आर्मिंदाने मला उचलले आणि अंगठ्याने टाके मोजले. अकरापर्यंत मोजून ती थांबली. मला वाटले, आता.

"कुठली नेतेस?" ग्रासिंदाने विचारले.

आर्मिंदाने निळी उचलली. "तुझी," ती म्हणाली. "अजून तीन वर्षं आहेत. परत यायला कारण हवं."

मला वाईट वाटले, नाही म्हणणार नाही. पण मला खाली ठेवण्याआधी तिने काळ्यापांढऱ्या पट्टीवरून एकदा हात फिरवला, आणि मी पुरती वाळलेली आहे ना हे पाहिले.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा खण असेल. त्यात तुमचे ओझे कधीतरी वाहिलेले काही पडलेले असेल. ते बाहेर काढा, उन्हात ठेवा, टाके तपासा, तुटले असतील तर शिवा. शिवणे पुढे ढकलू नका, कारण ज्या दिवशी ते लागते त्या दिवशी फोटोवाला खाली थांबलेला असतो. आणि जमले तर त्याच्यावर थोडे वजन ठेवा. ओल आणि मत्सर या दोन्ही गोष्टी मला रिकामेपणी लागल्या.

माझा मत्सर पुरता गेलेला नाही. उद्या मोठा लिलाव आहे. बत्तीस किलो तारली येईल असा ग्रासिंदाचा अंदाज आहे. पायऱ्या चढताना मला राजधानीतल्या त्या खणाची आठवण येईल. त्या निळीला तिथे कुणी उन्हात ठेवत नसेल.